फुकटच्या गावाचा हिशेब

गेल्या काही आठवड्यांत मोबाइलवरील खेळांविषयी आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रकारच्या खेळाची आहेत: प्रसिद्ध चित्रकथेतली पात्रे घेऊन गाव किंवा शहर वसवण्याचा, आणि डाउनलोड करताना एक पैसाही न मागणारा. म्हणून या वेळचा रकाना त्यांनाच दिला आहे.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. सुट्टीत आमच्याकडे असताना तो असाच एक खेळ खेळत असे. शेत पेरायचे, झोपड्या बांधायच्या, नदीवर पूल टाकायचा. खेळ फुकट आहे हे पाहूनच मी तो माझ्या मोबाइलवर घेऊ दिला. महिनाअखेरीस कार्डाच्या पत्रकात अकरा नोंदी निघाल्या, एकूण ४,७०० रुपयांच्या. ओटीपी माझ्याच मोबाइलवर येत होता आणि तो पाहून नातूच भरत होता. जी वस्तू फुकट आहे तिचे पैसे कशाबद्दल घेतले?
— एक आजोबा, विलेपार्ले

उत्तर : आपण खेळाचे नाव कळवलेले नाही, पण त्यावाचून काही अडत नाही, कारण हे खेळ बहुतांशी एकाच साच्यातून निघतात. पैसे झोपडीचे नव्हते आणि पुलाचेही नव्हते. ते वाट न पाहण्याचे होते. पहिल्या दिवशी झोपडी मिनिटभरात उभी राहते आणि शेत पाच मिनिटांत पिकते. मुलाला गोडी लागली की तीच कामे तासांवर जातात, पुढे दिवसांवर. हा वेळ ना गवंड्याला लागतो ना पिकाला. तो खेळ रचणाऱ्यांनी मोजूनमापून घातलेला असतो आणि तो टाळण्याची सोय विकायला ठेवलेली असते. म्हणजे अडचण त्यांचीच आणि तिच्यावरचा उताराही त्यांचाच. शिवाय काही खेळांत पीक ठरल्या वेळी कापले नाही तर ते करपते. गणपतीला कोकणात गेलेले मूल चार दिवस रेंजशिवाय राहिले, की परतल्यावर त्याला वाळलेले शेत दिसते, आणि पुढच्या खेपेला ते गावी जातानाही मोबाइल सोडत नाही.

दुसरी युक्ती चलनाची आहे. खेळात नाणी दोन प्रकारची असतात. एक खेळता खेळता मिळतात, आणि दुसरी, जिच्यामुळे वाट पाहणे संपते, ती जवळजवळ विकतच घ्यावी लागते. रुपयाचे एकदा बोर, हिरा किंवा तारा झाला, की मुलाच्याच काय, मोठ्यांच्याही डोक्यातला भाव पुसला जातो. हवी असलेली वस्तू समजा साठ बोरांची असेल, तर पुडा पन्नासाचा नाही तर शंभराचा मिळतो. उरलेली चाळीस बोरे पुढच्या खरेदीची आठवण करून देत पडून राहतात. असे पैसे बहुतेक खेळाडू देतच नाहीत. थोडे जण भरपूर देतात आणि त्यांच्यावर सगळा कारखाना चालतो. या व्यवसायात त्यांना ‘व्हेल’ म्हणतात. गिऱ्हाइकाला देवमासा म्हणणाऱ्याच्या हातात जाळे असणार, हे उघडच आहे.

आपल्या नातवाच्या आधी हे ज्या खेळामुळे जगाच्या ध्यानात आले, त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे. स्मर्फ हे निळे, तीन सफरचंदांइतक्या उंचीचे बुटके बेल्जियमच्या पेयो या चित्रकाराने १९५८ साली ‘स्पिरू’ साप्ताहिकातल्या एका चित्रकथेत आणले. त्यांच्या नावाची गोष्ट अशी सांगतात की जेवताना पेयोला मित्राकडे मीठ मागायचे होते, शब्द आठवेना, आणि तोंडातून ‘श्त्रुंफ’ असा काहीतरी निरर्थक शब्द निघाला. फ्रेंचमध्ये या बुटक्यांचे नाव तेच आहे. त्या बुटक्यांचे गाव वसवण्याचा खेळ कॅपकॉम या जपानी खेळकंपनीच्या मोबाइल विभागाने २०१० च्या नोव्हेंबरमध्ये आयफोनवर आणला. खेळ फुकट होता. विकत होती ती स्मर्फबेरी, म्हणजे वाट पाहणे संपवणारे खेळातले बोर. तिचा सगळ्यात मोठा गाडा सुमारे १०० डॉलरला मिळे. २०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका आठ वर्षांच्या मुलीने या बोरांवर सुमारे १,४०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ६०,००० रुपयांहून अधिक, खर्च केल्याची बातमी आली. यंत्रणेतली फट साधी होती: घरच्या कोणी एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटे तो पुन्हा विचारला जात नसे. मार्चमध्ये ॲपलने खेळातल्या खरेदीसाठी वेगळा पासवर्ड मागायला सुरुवात केली. पण तो टाकल्यावर १५ मिनिटांची मुभा होतीच, म्हणजे दार अर्धेच लागले. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचे हित पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मुलांच्या अशा खरेदीची दखल घेतली. २०१४ च्या जानेवारीत ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि सप्टेंबरमध्ये गुगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले.

यात मला सर्वांत मौजेची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पेयोच्या मूळ चित्रकथेत स्मर्फांच्या गावात पैसाच नाही. ज्याला जे येते ते तो करतो आणि ज्याला जे हवे ते तो घेतो. १९९२ साली, पेयोच्या निधनाच्या वर्षी, आलेल्या एका कथेत एक स्मर्फ माणसांच्या शहरातून नाण्यांची कल्पना घेऊन येतो. गावात सावकार होतात, कर्जदार होतात, भांडणे लागतात, आणि शेवटी गाव पैसा टाकून देते. अठरा वर्षांनी त्याच गावात दुकान निघाले, आणि या वेळी नाणी टाकून देण्याचा अधिकार गावकऱ्यांकडे नव्हता.

प्रश्न : अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असे आम्ही शिकलो. मग मुलाने खेळात केलेल्या खरेदीचे पैसे हक्काने परत मागता येतील का?
— एक निवृत्त लिपिक, गिरगाव

उत्तर : तत्त्व आपण बरोबर सांगता. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अल्पवयीन व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही, आणि कलकत्त्याहून गेलेल्या मोहरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयाने, १९०३ साली असा करार मुळापासूनच रद्दबातल ठरवला. मात्र समोरचा म्हणेल की करार मुलाशी नव्हे तर खातेदाराशी, म्हणजे आपल्याशी आहे, कारण खाते, कार्ड आणि ओटीपी तिन्ही आपली. या मुद्द्यावर वाद घालता येतो, पण वरच्या पत्रातल्या ४,७०० रुपयांसारख्या रकमेसाठी तो घालायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी आधी सोपी वाट धरीन. गुगल प्लेवरील खरेदी असेल तर ४८ तासांच्या आत तिथेच परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर खेळ बनवणाऱ्या कंपनीला लिहावे लागते. ॲपलचे तक्रारीचे पान वेगळे आहे. विनंतीत मुलाचे वय, प्रत्येक नोंदीची तारीख आणि रक्कम लिहावी व पावतीचे ईमेल जपून ठेवावेत. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. थेट बँकेला व्यवहार नाकारायला सांगण्याची घाई करू नये, कारण त्या भांडणात गुगल प्ले किंवा ॲपलवरचे खातेच गोठवले गेले तर आपण पूर्वी घेतलेल्या गोष्टीही अडकतात.

प्रश्न : २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. मग हे खेळ अजून कसे चालू आहेत?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : तो कायदा मुख्यतः ज्या खेळांत पैसे लावून पैसे जिंकण्याची अपेक्षा असते त्यांच्यावर आहे. इथे जिंकून काहीच परत येत नाही, पैसा एकाच दिशेने जातो. म्हणून माझ्या वाचनाप्रमाणे हे खेळ त्या व्याख्येत बसत नाहीत. आत काय निघेल हे न सांगता विकलेल्या पेट्यांचे प्रकरण मात्र निराळे आहे. स्मर्फांच्याच मायदेशाने, बेल्जियमने, २०१८ साली अशा काही पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडे अधिक उपयोगी पडेल ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे. त्यांत ग्राहकाला भुलवणाऱ्या १३ क्लृप्त्या सांगितल्या आहेत, आणि ‘फक्त दहा मिनिटे शिल्लक’ अशी खोटी घाई करणे ही त्यांतलीच एक.

प्रश्न : मुलीच्या मोबाइलवरून खेळ काढून टाकावा असे घरचे म्हणतात. तिने तीन महिने खपून शहर उभे केले आहे. काय करावे?
— एक आई, दादर

उत्तर : मी लगेच काढायला सांगणार नाही. पुलाला किती, शेताला किती, आज काय पेरावे म्हणजे उद्या शाळेतून आल्यावर कापता येईल, हा विचार मूल करते आहे तोवर खेळात थोडे शहाणपणही आहे. फक्त वाट पाहणे हाच खेळ आहे हे तिच्याशी ठरवून घ्यावे, आणि दुकानाचे दार आपण बंद करावे. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’च्या निर्बंधांत जाऊन खेळातली खरेदी पूर्ण बंद करता येते. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख पटवणे सक्तीचे करावे, आणि ती ओळख मुलीच्या बोटाची नसावी. कार्ड खात्यातून काढून टाकलेले उत्तम. सूचनाही बंद कराव्यात. ‘तुझी पिके तुझी वाट पाहत आहेत’ हे वाक्य रात्री साडेनऊला कोणत्याही मुलाला झोपू देणार नाही. पुढे कधी खेळ काढायची वेळ आलीच तर एवढे लक्षात ठेवा की मोबाइलवरून ॲप काढल्याने महिन्याची वर्गणी थांबत नाही. ती गुगल प्ले किंवा ॲपलच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन वेगळी बंद करावी लागते.