पिकअप मागून खाली घेताना आधी काय बघायचं

भावा, पिकअपची मागची उंची कमी करायला पार्ट घेण्याआधी गाडीखाली वाक. हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधला आडवा ॲक्सल) पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली आहे की वर, हे बघ. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला ते खाली असतं. अशा गाडीत पाटा आणि हाउसिंगमध्ये ब्लॉक (ठोकळा) घातला तर गाडी खाली येत नाही, उलट उचलते. तिथे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती पट्टी, बदलायचा. शॅकल चेसीवरून खाली लोंबत असेल तर आखूड लागतो. शॅकलच्या लांबीत २ इंच फरक केला की मागची बाजू साधारण १ इंच उतरते, आणि रोज माल भरणाऱ्याला तेवढंच पुरे. हाउसिंग पाट्याच्या वर नेणारं फ्लिप किट ५-६ इंच उतरवतं, पण मग चेसीला नॉच (हाउसिंगला जागा देणारी खाच) मारावा लागतो. भाड्याच्या गाडीला ते करू नकोस. पाटे काढून किंवा तापवून तर अजिबात नको, पाट्याची ताकदच जाते.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मालाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा. गाडी खाली बसली की त्याला माल भरलाय असं वाटतं, मागच्या ब्रेकला जादा दाब जातो आणि पावसात गगनबावड्याच्या घाटात रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होतात. त्याची लिंक नव्याने सेट करूनच गाडी बाहेर काढ.

पाटा हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट काढले की नवेच टाक, कोल्हापूरच्या उद्यमनगरात मापाने वाकवून मिळतात. ५०० किमीनंतर पुन्हा आवळ. बंप स्टॉप (हाउसिंग चेसीवर आपटू नये म्हणून असलेला रबर) आणि हाउसिंगमधलं अंतर पूर्ण लोडवर मोज. आरटीओची परवानगीही आधीच विचारून घे.