१४ फुटी की १८ फुटी? वैनगंगेकाठी ॲल्युमिनियमची जेट बोट घेताना

भाऊ, तुमचा प्रश्न मी असा समजलो. गाव ब्रह्मपुरीकडे, नदीला लागून. मच्छीमार सोसायटी आणि गावातल्या पोट्ट्यांचं बचाव पथक मिळून एकच बोट घेणार. समोर दोन आहेत: एक १४ फुटी, ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला जेट पंप बसवलेली, दुसरी १८ फुटी, ९० चं इंजिन, पंप त्याच धाटणीचा. दोन्ही सपाट बुडाच्या. उन्हाळ्यात मासेमारी, पावसाळ्यात पूर. पैसे मोठीपर्यंत पुरतात, पण उथळ पाण्यात मोठी रुतेल असं सगळे सांगतात.

मोठी घ्या. आणि तिच्यानं मासेमारी करू नका.

आधी मासेमारीचं संपवतो. जेटला खाली पंखा नसतो. बुडाशी एक जाळीदार तोंड असतं, तिथून पाणी ओढून मागच्या नळीतून जोरात फेकलं जातं. जे तोंड पाणी ओढतं ते जाळंही ओढतं, दोरीही. शिवाय पंपात ताकद वाया जाते: ६० चं इंजिन जेटवर साधारण ४० चं काम करतं, ९० चं ६५ चं. पेट्रोल मात्र पूर्ण इंजिनाचंच पितं. पूर्ण थ्रॉटलवर लहानी तासाला २०-२२ लिटर, मोठी ३२-३४. शंभरीपार पेट्रोल जाळून रोहू-कटला कोणाला परवडणार? मासेमारीला डोंगाच ठेवा. सोसायटीच्या लोकांना हे पटलं तर निम्मा वाद तिथंच संपतो, कारण 'दोन्ही कामांना चालेल अशी' म्हणूनच १४ फुटीचं नाव पुढं आलं असणार.

आता रुतण्याचं. बोट किती खोल बसते हे लांबीवर नाही, वजन आणि बुडाचं क्षेत्रफळ यांवर ठरतं. हिशोब करून बघा. १८ फुटी रिकामी ३०० किलो धरा, इंजिन आणि पंप १७०, ४० लिटर पेट्रोलचे ३० किलो, ६५ किलोची सहा माणसं म्हणजे ३९०. एकूण ८९०. बूड दीड मीटर रुंद आणि पाण्याला टेकलेली लांबी ५ मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर. बोट बसते सुमारे १२ सेंटिमीटर. १४ फुटीचं: बोट १५०, इंजिन १२०, पेट्रोल २०, पाच माणसं ३२५, एकूण ६१५. बूड १.२ मीटर रुंद, लांबी ३.८. ती बसते साडेतेरा सेंटिमीटर. माणूस एक कमी, तरी खोल जास्त! विकणाऱ्याकडून खरी वजनं-मापं घेऊन हाच हिशोब पुन्हा मांडा. आकडे थोडे हलतील, उत्तर फारसं हलणार नाही.

पण जेट बोटीची खरी गंमत थांबलेली असताना नसते. वेग घेतला की ती उचलली जाते, पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते आणि तेव्हा तिला चार-सहा इंच पाणी पुरतं. वजन जास्त झालं की ती उचललीच जात नाही. नाक वर, शेपूट खाली, आणि मागची बाजू थांबलेल्या बोटीपेक्षाही खोल. सगळ्यात वाईट अवस्था हीच, आणि पुरात हमखास हीच होते, कारण लोक चढत राहतात. म्हणून पंपावर मिळणाऱ्या ताकदीनं एकूण वजनाला भागा. माझा आडाखा असा की एका हॉर्सपॉवरमागे १५ किलोच्या वर गेलं की सपाट बुडाची जेट कुंथायला लागते. १८ फुटी सहा माणसांसह १३.७ वर आहे, आठ केली की १५.७. १४ फुटी तिघांत १२ वर पळते, पाच केले की १५.४. म्हणजे चालवणारा आणि मदतनीस सोडले तर लहानीत खरी जागा दोघांची. मोठीत चौघांची. पुरात घरातून बाई निघते ती दोन लेकरं आणि शेळी घेऊन निघते. शेळी सोडून चला म्हटलं तर ती येत नाही, आणि तुम्ही वाद घालता तोवर पाणी चढतं. ऑगस्ट २०२० मध्ये गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले होते, तेव्हा तुमच्या तालुक्यातल्या गावांत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. फेऱ्या जितक्या कमी, तितकं बरं.

पंखा की जेट हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी सांगतो. आपल्या भागात पूर म्हणजे नदी कमी आणि धानाच्या बांध्या जास्त. रोवणी झालेली, वर कमरेएवढं गढूळ पाणी, आणि मध्ये मध्ये न दिसणारे धुरे, म्हणजे शेताचे बांध. पंखा धुऱ्यावर आदळला की गेला. जेट वरून सरकून जाते. पण रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार आणि काटेरी कुंपण दोघांनाही घातक, आणि वाहून आलेला तणस (धानाचा पेंढा) जेटच्या तोंडावर गच्च बसतो. ताकद अचानक पडली, इंजिनचा आवाज मात्र चढला, की समजायचं तोंड बुजलं. इंजिन बंद करून साफ करायचं, मगच पुढं. पुरातल्या गावात शिरण्याआधी महावितरणला सांगून तिथली लाइन बंद करून घ्या. बोटीत उभा राहिलेला माणूस लोंबत्या तारेच्या फार जवळ येतो.

धरणाच्या वर राहत असतात तर जेट घेऊच नका म्हणालो असतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून त्या जलाशयात येतं, जलपर्णी माजते, आणि तिच्यात जेट दहा मिनिटं चालत नाही. न्यूझीलंडच्या हॅमिल्टननं १९५० च्या दशकात जेट बोट बनवली ती तिकडच्या उथळ, गोट्यांच्या, स्वच्छ नद्यांसाठी. धरणाखालची वैनगंगा, उघडे खडक आणि रेतीचे पट्टे असलेली, त्या नद्यांच्या बरीच जवळ आहे.

चालवायला कोण बसणार हे आत्ताच ठरवा. जेटला सुकाणू नसतं. फेकलेलं पाणीच तिला वळवतं. थ्रॉटल सोडला की वळणं संपलं. समोर झाड दिसलं की हात आपोआप थ्रॉटल सोडतो, आणि बोट सरळ झाडात जाते. थोडा थ्रॉटल ठेवूनच वळायचं, ही सवय हातात मुरायला वेळ लागतो, आणि पंख्याच्या बोटी चालवलेल्यांना जास्तच. १८ फुटी जड असल्यामुळे थांबायलाही जास्त अंतर घेते. मोठीचा हाच खरा तोटा. सराव दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर करा. सुरुवात नेहमी गुडघ्याच्या वर पाण्यात: काठापासून बांबूनं ढकलत न्यायची, मग इंजिन लावायचं. उथळात जागेवर उभं राहून रेस केली तर पंप रेती आणि गोटे पितो.

रेती पिणारच म्हणा. पंपात फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, म्हणजे इम्पेलरच्या, कडा बोथट होतात, त्याच्या आणि भोवतीच्या कवचामधली (लायनर) फट वाढते, ताकद हळूहळू मरते. ही फट साधारण पाऊण मिलिमीटर असावी. वाढली तर वॉशर इकडचे तिकडे करून इम्पेलर सरकवता येतो, कडा कानशीनं घासता येतात. बेअरिंगला रोज काम संपल्यावर ग्रीस. एक जादा इम्पेलर आणि लायनर बोटीबरोबरच मागा. ते भाग गडचिरोलीच्या दुकानात मिळत नाहीत.

बुडाच्या पत्र्याबद्दल दोन गोष्टी विचारा: जाडी आणि मिश्रधातू. मिश्रधातूचा क्रमांक ५०८३ किंवा ५०८६ असेल तर चांगला. ३ मिलिमीटरचा पत्रा रेतीला ठीक, खडकाला नाही. मोठीत ४-५ असला तरच ती घेण्यात अर्थ आहे. जोड वेल्डिंगचे हवेत, रिव्हेटचे खडकावर ढिले होतात. चीर पडली तर गावच्या ग्रिल-गेटवाल्याकडे नेऊ नका. अर्गॉन वायूवर ॲल्युमिनियम वेल्डिंग करणारा नागपूरला, हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला शोधा.

आता १४ फुटीचा एक मुद्दा खरा आहे, तो मान्य करतो. इंजिन उतरवलं की ती सहा जण उचलून नेतात. मोठी ट्रेलर आणि ट्रॅक्टरशिवाय हलत नाही. पुरात घाट पाण्याखाली असतो, तेव्हा रस्ता जिथं पाण्यात शिरतो तीच उतरवायची जागा, आणि तिथं ट्रॅक्टर उलटा घेणारा पक्का माणूस लागतो. तुमच्याकडे ट्रॅक्टर बारमाही मिळत असेल तर अडचण नाही. भामरागडकडच्या कोणी हा प्रश्न विचारला असता, जिथं ओढे ओलांडत बोट खांद्यावर न्यावी लागेल, तर मी लहानीच सांगितली असती, आणि तिघांच्या वर चढवू नका म्हणालो असतो.

कागद: इंजिनवाली बोट असल्यानं इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ लागू होतो. नोंदणी आणि तपासणीचं महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे विचारा. लाइफ जॅकेट बसणाऱ्या प्रत्येकाला, लहान मुलांच्या मापाचीही.

ॲडव्हान्स देण्याआधी ट्रायल मागा, आणि रिकाम्या बोटीची नको. विकणारा रिकामी पळवून दाखवतो, कोणतीही पळते. चालवणारा आणि तुमच्यातला एक बसा, वर २६० किलो रेतीची पोती टाका, टाकी भरा, आणि प्रवाहाच्या उलट न्यायला सांगा. उचलली गेली तर सौदा करा. नाही उचलली तर ११५ चं इंजिन लावून किती पडेल ते विचारा. जेटवर ते साधारण ८० देतं. त्याला नाही म्हणाला तर दुसरा विकणारा बघा.