सततचं अपयश आणि घरची हलाखी यांचं कलेच्या करिअरसाठी इंधन कसं करावं?

प्रश्नाखाली तू जे लिहिलंयस ते थोडक्यात इथे घेतो, बाकीच्यांना संदर्भ लागेल. शिरपूरकडचा, वय बावीस, चित्रकलेच्या पदवीची सीईटी दोनदा दिली, हवं ते कॉलेज मिळालं नाही, वडिलांवर सोसायटीचं कर्ज, आणि आता ‘हे सगळं कलेत कसं ओतू’. बावीस म्हणजे माझ्या पुतण्याच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो.

खरं तर मी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही. पण ‘इंधन’ या शब्दापाशी अडकलो. दोन महिन्यांपूर्वी जळगावात एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि निवेदकाचं ‘गरिबीच्या भट्टीतून तावून सुलाखून निघालेला कलावंत’. पहिल्या रांगेत माझा मोठा भाऊ बसला होता. नंतर पंगतीत, बट्टी चुरता चुरता तो शेजारच्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाला, ‘मी पैसा दिन्हात नहीत, म्हनीसन आज तू आठे शेस.’ म्हणजे, मी पैसे दिले नाहीत म्हणूनच आज तू इथे आहेस. पाहुणे हसले. मीही हसलो. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतोय, प्रत्येक लग्नात, प्रत्येक दशक्रियेला. घरी आलो आणि झोप लागली नाही. तुझा प्रश्न नेमका त्याच खपलीवर पडला.

मी अक्षरं काढतो. पुस्तकांची मुखपृष्ठं, सिनेमांची नावं, दुकानांच्या पाट्या, आणि दोन देवनागरी फाँट केलेत. गाव पारोळा तालुक्यातलं, नाव सांगत नाही.

2001 च्या हंगामात बोंडअळीनं आमची कपाशी खाल्ली. बोंडअळीला दाद न देणाऱ्या बीटी बियाण्याला परवानगी मिळाली ती पुढच्या वर्षी, 2002 ला. म्हणजे आमचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याच 2002 मध्ये, दुसऱ्या प्रयत्नात, मला मुंबईच्या एका कॉलेजात उपयोजित कलेला जागा लागली. फी, खोलीचं डिपॉझिट आणि सामान धरून चौदा हजार लागत होते, मुदत चार दिवस. भावानं कृषी केंद्राची उधारी दाखवली आणि नाही म्हटलं. आबा, म्हणजे वडील, खाटेवर बसून तंबाखू मळत होते, काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी एसटीनं धुळ्याला गेलो आणि पाचकंदीलजवळच्या एका पेंटरकडे साठ रुपये रोजानं लागलो. त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे.

आता ती भिंत सांगतो, कारण मला खरं तेच सांगायचंय.

पारोळ्याकडे जाताना, तेव्हाच्या सहा नंबरच्या हायवेवर, कापसाच्या एका जिनिंग कारखान्याची सत्तर फुटी भिंत होती. मे महिना. उस्तादांना उष्माघात झालेला, म्हणून काम माझ्यावर आलं. मला फार आनंद झाला, त्यांच्या उष्माघाताचा नव्हे, पण झाला. मालकाचं आडनाव आणि पुढे ‘जिनिंग अँड प्रेसिंग फॅक्टरी’. मी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेडवाला, त्यामुळे डोक्यात हवा. सूत मारलं, अक्षरं मोजली, भिंतीचे सारखे चौकोन पाडले आणि एका चौकोनात एक अक्षर बसवलं. शिरोरेषासुद्धा चौकोनाच्या हिशेबानं तुकड्या-तुकड्यांत ओढली. भिंत इतकी तापलेली की ऑइलपेंट ब्रशवरच घट्ट व्हायचा, दर पाच मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवा. परांचीवर लोखंडाला हात लागला की चटका. दोन दिवसांत काम उरकलं.

संध्याकाळी शेठ गाडीतून उतरले. बराच वेळ बघत राहिले. मग मुनीमजींना हाक मारून बोलावलं आणि विचारलं, ‘हा सिंग कोण? आपला नवा पार्टनर?’

मी खाली उतरून रस्त्यापलीकडे गेलो तेव्हा मला दिसलं. ‘प्रे’ एकीकडे आणि ‘सिंग’ एकीकडे. ‘जिनिंग’च्या मधून बैलगाडी जाईल एवढं भगदाड आणि ‘फॅक्टरी’तला ‘क्ट’ लग्नाच्या टेम्पोत कोंबलेल्या वऱ्हाड्यासारखा. ज्याला चौकोनांची वही माहीत आहे त्यालाही कळावं की र अंगानं सडपातळ असतो आणि क्ट लठ्ठ. मला कळलं नव्हतं. गेटवरचे हमाल मोठ्यानं वाचून दाखवत होते, प्रे, सिंग. दोन दिवसांचा रोज गेला, रंगाचे पैसे उस्तादांच्या अंगावर.

उस्ताद दुसऱ्या दिवशी डोक्याला ओलं फडकं बांधून आले. ओरडले नाहीत. चुन्याची बादली माझ्या हातात दिली आणि सगळी भिंत पुसायला लावली. मग म्हणाले, ‘अक्षर नको देखू, मधली जागा देख.’ दिवसा भिंतीला हात लावता येत नव्हता म्हणून रात्री काम धरलं. शेठच्या गड्यानं ट्रॅक्टर आडवा लावून दिवा भिंतीवर टाकला. त्या तिरप्या उजेडात मला पहिल्यांदा काळं सोडून पांढरं दिसायला लागलं. काना आणि पुढच्या अक्षराच्या पोटातली जागा, वेलांटीच्या खालची जागा, ‘ग’च्या दोन दांड्यांमधली. कोळशानं आखायचं, पलीकडे जायचं, बघायचं, परत यायचं, पुसायचं. उस्ताद बाजेवर पडून नुसतं ‘सरकव’ म्हणायचे. तीन रात्री गेल्या. हायवेच्या चौपदरीकरणात ती भिंत पडली, तोपर्यंत मी एसटीनं जाताना दर वेळी त्याच बाजूची खिडकी धरायचो.

आजही मी स्क्रीनवर फाँटचं अंतर लावतो तेव्हा त्या ट्रॅक्टरच्या दिव्यातच बघतो. हे अपयश कामाला आलं. पण का आलं ते बघ: भिंत जागेवर होती, चुना होता, चुकलं काय ते सांगणारा माणूस बाजेवर पडलेला होता, आणि संध्याकाळी खानावळीत शेवभाजी मिळण्याइतका रोज पुन्हा सुरू झाला होता. कॉलेज हुकलं त्यातनं मी काय शिकलो? काही नाही. तिथे पुसून परत काढायला भिंतच नव्हती.

आता हलाखीचं ऐक. 2005 च्या सुमारास फ्लेक्स आला आणि दोन वर्षांत उस्तादांचं दुकान बसलं. त्याच काळात आबांना लकवा झाला. मी जळगावात एका फ्लेक्सच्या दुकानात ऑपरेटर झालो. सकाळी दहा ते रात्री अकरा. कोरल ड्रॉ, श्रीलिपी ही सॉफ्टवेअर, आणि वाढदिवसाचे बॅनर. मध्ये ‘भावी नगरसेवक’, खाली शुभेच्छुकांची चाळीस मुंडकी, एखादं सुटलं की रात्री बारा वाजता शिव्या. अक्षर जागेत बसत नसेल तर माउसनं ओढून रबरासारखं ताणायचं. उस्तादांनी बघितलं असतं तर चुन्याची बादली डोक्यावर ओतली असती. अशी सहा वर्षं. दवाखाना, औषधं, हात-उसने, व्याज. त्या सहा वर्षांत मी स्वतःचं एक अक्षर काढलं नाही. हलाखीच जर इंधन असती तर माझ्याकडे तेव्हा गोदाम भरलेलं होतं. पेटलं काय? घरची चूलसुद्धा कशीबशी.

रागाचं म्हणशील तर राग थोडा चालतो. भावावरच्या रागानं मी धुळ्यात पहिले दोन महिने रात्र-रात्र सराव केला, खोटं का बोलू. पण तो पऱ्हाटीचा जाळ. कपाशीच्या पऱ्हाट्या तुझ्याही घरी जळल्या असतील. भडकन पेटतात, दोन भाकरी होईपर्यंत ठीक, डाळ शिजायला ठेवली की कळतं.

सुटका कशानं झाली? आबा गेले, दवाखान्याचा खर्च थांबला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण हिशेब तोच आहे. रात्रीचे दोन तास मोकळे झाले. एका मित्राच्या अहिराणी कवितासंग्रहाचं नाव हातानं काढून दिलं, फुकट. ते पुण्यातल्या एका प्रकाशकानं बघितलं आणि मुखपृष्ठासाठी दीड हजार दिले. पुढचं सगळं त्यातून. कोरल ड्रॉ येत होतं म्हणून अक्षर कागदावरून संगणकावर लगेच गेलं, एवढं श्रेय त्या सहा वर्षांना देतो.

आपल्याकडे लोकांना दुसऱ्याचं दुःख फार कलात्मक वाटतं. चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस घे. कोणालाही विचार, तो दारं-खिडक्या उघड्या ठेवून पंजाब मेलनं येणार असलेल्या प्रेयसीची वाट बघण्याची गोष्ट सांगेल, आणि पन्नास वर्षं घराबाहेर न पडल्याची. विरहातून फोटोग्राफी जन्मली म्हणे. अरे, ते विलायतेला जाऊन कला शिकून आले होते. टेबलावर वस्तू मांडून टेबल-टॉप फोटो काढायला जो उजेड कळावा लागतो तो स्टेशनकडे बघत बसून येत नाही. आणि बहिणाबाई. सत्काराच्या भाषणात चटके आणि भाकरीची ओळ हमखास येते. पण त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी वहीत उतरवून घेतली, अत्र्यांना दाखवली, आणि पुस्तक आलं 1952 ला, बाई 1951 च्या डिसेंबरात गेल्यावर. वही धरणारा मुलगा घरात नसता तर आसोद्याच्या त्या लेकीचे चटकेच उरले असते. किती जणींचे तसे उरले असतील, आसोद्यापासून शहाद्यापर्यंत.

म्हणून तुला सांगायचं तर दुःख ओतायच्या भानगडीत पडू नकोस. राज्य सरकारच्या महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या साइटवर कला संचालनालयाखालच्या योजना बघ, फी सवलतीची शाहू महाराजांच्या नावाची आणि वसतिगृह भत्त्याची पंजाबराव देशमुखांच्या नावाची. अटी नीट वाच, उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेव, तलाठ्याला वेळ लागतो. माझ्या वेळी हे सांगायला कोणी असतं तर वेगळं झालं असतं. तिसऱ्यांदा सीईटी द्यावी की नाही, हे मला विचारू नकोस. त्या परीक्षेबद्दल माझं मत तिरकं आहे, ते तुझ्या कामाचं नाही. अक्षरात जायचं असेल तर फाँट बनवायचं फाँटफोर्ज हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या संगणकावर चालतं. आणि चुकलेलं काम जपून ठेव, तारीख घालून. पण दाखवायला माणूस शोध, चुकलं तर तोंडावर सांगणारा. शिरपूर-धुळ्यात जुने पेंटर अजून आहेत, रिकामे आहेत, चहा पाजलास तर बोलतील.

हो, काही जणांना खरंच पेटवतं अपयश. असतील तसे. मी एक ओळखतो, तो आता मालिका लिहितो. त्याच्या बापाच्या केळीच्या बागा होत्या सावद्याला, म्हणजे घरी पैसा होता, हेही सांगतो.

आता भावाचं. तो हे वाचणार आहे, पुतण्या वाचून दाखवेल. भाऊ दहावीला होता तेव्हा कानबाई देवीच्या उत्सवाच्या रात्री त्याला गायला बोलवायचे, तीन गावांतून. वही गायनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकगाण्यांच्या, मंडळात त्याच्या वयाचा दुसरा कोणी नव्हता. दहावीनंतर आबांनी त्याला औतामागे धरलं, कारण मी लहान होतो. पुढे तो गायलाच नाही. आता बैलांना हाक मारतो तेव्हा तेवढा आवाज कळतो. हलाखीनं कलावंत घडतो हे त्याचं म्हणणं खरं असेल तर माझ्याआधी तो घडायला हवा होता, त्याच्या वाट्याला माझ्या दुप्पट आली होती. त्याचा सत्कार कुठे झाला?

हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलेलं नाही. 2002 ला त्याच्याकडे चौदा हजार नव्हतेच, हे मला आता दिसतं. तेव्हा तो ‘नहीत’ म्हणाला ते खरं होतं. पुढे त्या नकाराला त्यानं मुद्दाम केलेली युक्ती करून टाकलं, त्यावर माझा आक्षेप आहे.

गेल्या पोळ्याआधी त्यानं नवी ट्रॉली घेतली. स्टिकर नको, ब्रशनंच नाव टाकून दे म्हणाला. मी पंधरा वर्षांनी चपटा ब्रश धुऊन काढला. दोन्ही बाजू आणि मागची फळी, आबांचं नाव, निळ्यावर पिवळं. एक दिवस गेला. वाड्यात भावकी बसलेली असताना मी तीन हजार मागितले. त्यानं डोळे मोठे केले, आत गेला, नोटा आणून मोजून दिल्या. मी खिशात घातल्या आणि म्हणालो, चौदातले तीन आले.

तो ट्रॉलीवरच्या नावाकडे बघत होता. म्हणाला, ‘बाकीना लिखी ठेव.’