पेस्ट कंट्रोल करूनही मुलाच्या शिंका आणि दम का थांबत नाही?

तुम्ही लिहिलंय की पेस्ट कंट्रोल झालं, घरात झुरळ दिसत नाही, तरी मुलाला पहाटे शिंका येतात आणि रात्री दम लागतो. यात नवल काही नाही. ॲलर्जी होते ती झुरळाची लाळ, विष्ठा, टाकलेली कात आणि मेलेल्या झुरळाचा चुरा यांतल्या प्रथिनांमुळे. औषधाने झुरळ मरतं, पण ही प्रथिनं धुळीत मिसळून महिनोन् महिने घरात राहतात. म्हणून फवारणीनंतरची साफसफाई हाच खरा उपचार आहे, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही.

माझ्या मुलीला दमा आहे. आम्ही ठाण्यात जुन्या इमारतीत राहतो. तिच्या हातावर केलेल्या टोचणीच्या ॲलर्जी चाचणीत झुरळ आणि डस्ट माइट (गादीत, धुळीत राहणारा सूक्ष्म जीव), दोन्ही ठिकाणी गांधी उठल्या. त्यानंतर आम्ही फ्रिज पुढे ओढला. मोटरवरच्या पाण्याच्या ट्रेच्या कडेला मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके होते, दाराच्या रबराच्या घडीत पिवळट, पातळ काती, आणि ट्रॉलीच्या बिजागरीमागे अंड्यांच्या तपकिरी, रिकाम्या डब्या. जिवंत झुरळ एकही नव्हतं. तुमच्याकडेही याच जागा आधी बघा. शिवाय गॅसच्या शेगडीखाली, सिंकखालच्या कपाटात आणि रद्दीच्या गठ्ठ्यामागे.

झाडू मात्र मारू नका. हे कण जड असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत, पण झाडताना उडून थेट नाकात जातात. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्या, फडकं टाकून द्या, तोंडाला मास्क बांधा. त्या दिवशी मुलाला आजीकडे पाठवा.

स्वयंपाकघर झालं की झोपायची खोली. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शहरांच्या गरीब वस्त्यांमधल्या दमा असलेल्या 476 मुलांच्या झोपायच्या खोलीतली धूळ तपासली होती. ज्यांना झुरळाची ॲलर्जी होती आणि खोलीतल्या धुळीतही झुरळाच्या प्रथिनांचं प्रमाण जास्त होतं, त्यांना इस्पितळात दाखल करायची वेळ इतरांपेक्षा तिपटीहून जास्त वेळा आली. म्हणून पलंगावर बसून खाणं आमच्याकडे पूर्ण बंद आहे, बिस्किटाचा पुडासुद्धा खोलीत जात नाही.

पहाटेच्या शिंकांवरून मला गादीचाही संशय येतो. डस्ट माइट जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा असतो, आठ पायांचा, म्हणजे कीटकही नव्हे. तो चावत नाही. आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतो आणि हवेतला दमटपणा शोषून घेतो, त्यामुळे मुंबई-कोकणातली हवा त्याला मानवते. इथेही त्रास मुख्यतः विष्ठेचाच, आणि झुरळांच्या फवारणीचा याच्याशी काही संबंध नाही. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा 55-60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा, गादी-उशीला चेनवाली माइटप्रूफ खोळ घाला. कापसाची जुनी गादी उन्हात टाकून माइट मरतील, विष्ठा आतच राहील. जमलं तर नवीन घ्या. मऊ खेळणी आणि जाड पडदे खोलीतून काढाच.

झुरळं परत येऊ नयेत म्हणून फवाऱ्याऐवजी झुरळं मारायचं जेल लावून घ्या. फवाऱ्याच्या वासानेच दम्याच्या मुलांना खोकला सुटतो. रात्री सिंक कोरडं करा, खरकटी भांडी ठेवू नका, ऑनलाइन सामानाचे पुठ्ठ्याचे खोके साठवू नका. पाइपाभोवतीची भोकं बुजवा. इमारतीत डक्ट असेल तर एकट्या घराने भागणार नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्या विंगचा विषय काढा. उंदीर असतील तर तेही सांगा, त्यांच्या मूत्रातल्या प्रथिनानेही दमा उसळतो.

मुलाची ॲलर्जीची चाचणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या, म्हणजे नेमकं कशाच्या मागे लागायचं ते कळेल. आणि कृपा करून, घर स्वच्छ झालं म्हणून दम्याचा पंप (इनहेलर) बंद करू नका. ‘सवय लागते’ असं घरातली मोठी माणसं सांगतील, ते खरं नाही. डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. मात्र बोलताना वाक्य पूर्ण होईना इतका दम लागला, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी इस्पितळ गाठा.