करमाफीचे ५८ डॉलर आणि पॉलिसीत गेलेले दहा हजार

प्लेनो, टेक्सासहून एका वाचक ताईंचं पत्र आहे. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. शाळेच्या खरेदीचा अंदाज कपडे, बूट, दप्तरं आणि वह्या-पेनांचे ७०० डॉलर, शिवाय मुलीसाठी ६०० चा लॅपटॉप. "ऑगस्टमधल्या करमाफीच्या वीकेंडपर्यंत थांबावं की आताचे सेल गाठावेत?" एवढाच त्यांचा प्रश्न. पण खर्चाचा तपशील त्यांनी मनापासून लिहिलाय, आणि तो वाचून मी प्रश्न बाजूला ठेवला.

आधी विचारलेल्याचं उत्तर. थांबा. टेक्सासमध्ये विक्रीकराची ही सवलत १९९९ पासून आहे, आणि १०० डॉलरपेक्षा कमी किमतीचे बहुतेक कपडे, बूट, दप्तरं आणि शालेय सामान त्या तीन दिवसांत करमुक्त असतं. मर्यादा प्रत्येक वस्तूला वेगळी लागते. ९५ चे दोन जोड घेतले तरी कर नाही. ११० च्या एका जोडावर मात्र पूर्ण ११० वर कर. ऑनलाइन मागवताना डिलिव्हरीचा खर्च किमतीत धरतात, तेव्हा ९५ ची जीन्स १०५ ची होऊन बाहेर पडू शकते. फुटबॉलचे क्लीट्स (खिळ्यांचे बूट) या सवलतीत बसत नाहीत. लॅपटॉपही बसत नाही. फ्लोरिडातल्या तुमच्या बहिणीला तो करमुक्त मिळाला असेल, पण तो त्या राज्याचा नियम. त्यामुळे तुमची बचत ७०० वर सव्वाआठ टक्के, म्हणजे ५८ डॉलर. आताच्या सेलमध्ये एखादी वस्तू दहा टक्क्यांनी स्वस्त असेल, तर तीच आधी घ्या.

आता पत्रातला दुसरा परिच्छेद. क्रेडिट कार्डावर ९,००० थकलेत, व्याज २४ टक्के, तुम्ही महिन्याला २५० भरता. त्यातले १८० नुसत्या व्याजात जातात. दिवसाला सहा डॉलर. करमाफीत वाचवलेले ५८ दहा दिवसांत संपतात, आणि ही खरेदीही तुम्ही त्याच कार्डावर करणार आहात! कृपा करून ती डेबिट कार्डावर करा आणि लॅपटॉप पुढे ढकला. तो शाळेकडून मिळतो का, हे आधी विचारा.

तिसऱ्या परिच्छेदाने मला खरोखर त्रास झाला. मंडळात ओळख झालेल्या एका गृहस्थांनी "मुलांचं कॉलेज आणि तुमची निवृत्ती, दोन्ही यातूनच" असं सांगून तुमच्या यजमानांना इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी विकली, म्हणजे शेअर निर्देशांकावर व्याज ठरणारा, बचत जोडलेला आयुर्विमा. महिन्याला ५००. सव्वीस महिन्यांत १३,००० भरले, आज मोडली तर ३,१०० हातात. फरकातला काही भाग विम्याचा खर्च आहे, हे मान्य; पण एवढा नाही. सरेंडर चार्ज, म्हणजे लवकर मोडल्याबद्दलची कपात, अजून दहा वर्षं चालणार आणि मुलगी सात वर्षांनी कॉलेजला जाणार. ही पॉलिसी कॉलेजसाठी विकणाऱ्याने तिचं वयसुद्धा विचारात घेतलं नाही. "बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही" हे वाक्य व्याजापुरतंच खरं आहे. विम्याचा खर्च त्या वर्षीही कापला जातो, वयाबरोबर वाढतो, आणि बाजार चढला तर वरच्या वाढीला मर्यादा असते.

आणि या पॉलिसीच्या भरवशावर यजमानांनी ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्ती-बचत खातं, सुरूच केलं नाही. १,१०,००० पगारावर कंपनी चार टक्के भर घालायला तयार आहे. म्हणजे वर्षाला ४,४०० डॉलर, सलग दोन वर्षं नाकारलेले. "आम्ही कदाचित भारतात परतू" हे कारण तुम्ही दिलंय. परतलात तरी तुम्ही भरलेली रक्कम तुमचीच राहते. कंपनीचा वाटा किती वर्षांनी पक्का होतो, तेवढं एचआरला विचारा.

क्रम असा ठेवा. तुम्ही एच-४ वर, म्हणजे यजमानांच्या व्हिसावर अवलंबून आहात, घरात एकच पगार आहे, म्हणून यजमानांचा पाच लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म विमा (बचत नसलेला, नुसता मुदतीचा विमा) आधी घ्या. प्रकृती चांगली असेल तर अडतिसाव्या वर्षी तो महिन्याला ३०-४० डॉलरला मिळतो. तो हातात पडेपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. मग मोडा. मिळतील ते ३,१०० थेट कार्डावर. दर महिन्याच्या सुटलेल्या ५०० मधून ४०१(के)चे चार टक्के भरा. आयकर वाचल्याने हातातला पगार सव्वातीनशेनेच कमी होईल. टर्मचा हप्ता जाऊन उरलेले १४० जुन्या २५० मध्ये मिळवलेत, तर कार्ड दीड वर्षात कोरं होतं. तेव्हा मुलगी साडेबारा वर्षांची असेल. तिथून कार्डाचे ३९० मुलांच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, वळवा.

"त्यांना वाईट वाटेल, दर गणपतीला भेटतो आम्ही," असं तुम्ही लिहिलंय. त्यांना फोन करायचीही गरज नाही. सरेंडरचा फॉर्म थेट विमा कंपनीकडून मागवा.