आईला बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला होता. बहिणीच्या वेळी काय काळजी घ्यावी? यावर नवीन काही संशोधन आहे का?

आई तुमच्या वेळी थोडक्यात वाचली आणि आता बहिणीला आठवा महिना आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं लेबर रूममध्ये परिचारिका आहे, त्यामुळे तुमच्या घरात सध्या काय चाललं असेल ते मला कळतं. नवीन संशोधन आहे आणि ते चांगलं आहे. त्यातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे खुणा केलेली प्लॅस्टिकची एक पिशवी.

आधी हा रक्तस्राव होतो कसा ते सांगते. नऊ महिने भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पुरवलं जातं. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशय आवळून घट्ट झालं की त्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. ते सैल राहिलं, वारेचा तुकडा आत राहिला, आत कुठे फाटलं किंवा रक्तच नीट गोठत नसेल, तर धडधाकट बाईसुद्धा दोन-तीन तासांत हातची जाऊ शकते.

आम्ही इतकी वर्षं हे रक्त नजरेनेच मोजत आलो. चादरीवर किती, बादलीत किती, पाण्यात मिसळलेलं किती, सगळा अंदाज. आणि नजर नेहमी कमीच सांगते. हे आकड्यांनी दाखवणारं काम आपल्या बेळगावात झालंय. केएलईच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर आणि अमेरिकेतले संशोधक यांनी तिथे बाळंतिणीच्या खाली घालायचा एक ड्रेप, म्हणजे प्लॅस्टिकची चादर, वापरला. त्याला नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. 2006 मध्ये त्यांनी छापलं की नजरेचा अंदाज या मोजणीपेक्षा 33 टक्क्यांनी कमी भरतो. त्याच वर्षी त्यांचा आणखी एक अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएम सिस्टरांनी (गावपातळीवरच्या परिचारिकांनी) केलेल्या 1,620 बाळंतपणांचा तो अभ्यास. बाळ झाल्यावर लगेच गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तर जास्त रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. तिथेही रक्त याच ड्रेपने मोजलं होतं. खेड्यातल्या एएनएमच्या हातून इतकं चोख संशोधन झालं, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

मोठा पुरावा 2023 मध्ये आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथली 80 रुग्णालयं, दोन लाखांवर नॉर्मल बाळंतपणं. निम्म्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत ठेवली. उरलेल्यांत ड्रेपने रक्त मोजलं आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की सगळे उपचार एकदम सुरू केले: पोटावरून गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आवळणारं औषध), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (गोठलेलं रक्त विरघळू न देणारं औषध), सलाईन आणि रक्त नेमकं कुठून येतंय त्याची तपासणी. पूर्वी आम्ही एक उपाय करायचो, वाट बघायचो, मग दुसरा. त्या वाट बघण्यातच बाई खचायची. या नव्या पद्धतीने एक लिटर किंवा जास्त रक्त जाणं, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू होणं, यांचं एकत्रित प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आलं. नेहमीच्या पद्धतीत जवळजवळ निम्मे रक्तस्राव वेळेत लक्षातच आले नव्हते. ड्रेपने 93 टक्के पकडले. 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तर सांगितलं की नेहमीच्या 500 मिलिलिटरच्या मर्यादेची वाट बघू नका. 300 गेलं असेल आणि नाडी किंवा बीपी बिघडलं असेल, तर तिथेच उपचार सुरू करा.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडबद्दल थोडं. 2017 च्या 20,000 बायकांच्या अभ्यासात दिसलं की रक्तस्राव सुरू झाल्यावर तीन तासांच्या आत हे इंजेक्शन दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. औषध स्वस्त आहे. मात्र ॲनिमिया असलेल्या बायकांना रक्तस्राव होण्याआधीच दिलं, तर तो टळत नाही, हे 2023 मध्ये दुसऱ्या अभ्यासाने दाखवलं. म्हणजे हिमोग्लोबिन आधीच वाढवायला हवं, आणि तुमच्या हातात आज सगळ्यात जास्त हेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52 टक्के गर्भवतींना ॲनिमिया आढळला. हिमोग्लोबिन 7 असलेल्या बाईला अर्धा लिटर रक्त गेलेलंही झेपत नाही. बहिणीचं याच आठवड्यात तपासा. कमी असेल तर या महिन्यात नुसत्या गोळ्यांनी भागेल का, की शिरेतून लोह द्यावं लागेल, ते डॉक्टरांना विचारा.

आईला झालं म्हणून बहिणीलाही होईलच असं नाही. पण आईची हकिगत डॉक्टरांना जरूर सांगा. बहिणीला पहिल्यापासून पाळीत फार जातं का, दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नव्हतं का, हेही सांगा. रक्त नीट न गोठण्याचे काही आजार घराण्यात चालत येतात आणि ते आधी कळले तर तयारी करता येते.

रुग्णालयात संकोच न करता विचारा: बाळंतपणानंतर रक्त मोजता का? ड्रेप नसेल तर भिजलेली पॅडं वजन करूनही चालतं, कोरड्या पॅडांचं वजन वजा केलं की एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लेबर रूममध्येच असतं का? रात्री रक्त लागलं तर कुठून येतं, किती वेळात? पहिले दोन तास तिच्याजवळ कोण असतं? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे चौकशी करायला अजून वेळ आहे. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, औषधं आणि लागलं तर रक्तही मोफत मिळतं.

बाळ झाल्यावर तिला लघवीला जाऊन यायला सांगा, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे गर्भाशय आवळत नाही. बाळाला लवकर अंगावर पाजलं तर त्यानेही ते आवळतं.

आणि घरी आल्यावर कोणी मोठ्या बाईने म्हटलं, “जाऊ दे, अंग साफ होतंय,” तर तेवढं ऐकू नका. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गाठी पडल्या, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छातीत धडधड वाढली, तर पहिल्या दिवशी असो की पंधराव्या, लगेच 108 ला फोन करा आणि तिला आडवं झोपवूनच न्या.