पुण्यात व्हीलचेअरवरून, मेट्रो-बसने भाजी-किराणा आणणं एकटीला जमतं का?

जमतं. मी कमरेखाली अधू आहे, हाताने चालवायची व्हीलचेअर वापरते, कोथरूडला राहते आणि भाजी मंडईतून आणते. तुमची बहीण अपघातानंतर पहिल्यांदाच एकटी राहणार, नोकरी पुण्यात, आणि दर वेळी रिक्षा-कॅब परवडणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिला आधी एवढंच सांगा की सगळं सामान स्वतः आणायचा हट्ट धरू नकोस. तांदूळ, पीठ, तेल, साबण यांची यादी कोपऱ्यावरच्या वाण्याला पाठवायची, तो घरपोच देतो. धडधाकट पुणेकरही पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. बाहेर पडायचं ते जे दाबून, वास घेऊन, उलटंपालटं करून निवडावं लागतं त्याच्यासाठी. फोनवरून मागवलेली वांगी माझ्या नशिबी किडकीच येतात.

मी आनंदनगरला मेट्रोत बसते, जिल्हा न्यायालयला गाडी बदलते आणि मंडईला उतरते. मंडई स्टेशन सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झालं. त्याआधी रिक्षाचे पैसे भाजीपेक्षा जास्त व्हायचे. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, तिकिटाच्या गेटांमध्ये एक रुंद गेट असतं, डब्यात व्हीलचेअरची जागा राखलेली असते. दिव्यांग हक्क कायदा आणि पुणे मेट्रोचं भूमिपूजन, दोन्ही डिसेंबर 2016 मधले, त्यामुळे निदान इथे तरी नंतर ठिगळ लावावं लागलं नाही. मंडईची दगडी इमारत 1886 ची, तिच्याकडून ही अपेक्षा कोण करणार? (ती बांधायच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आज तिला नाव त्यांचंच आहे.)

जिल्हा न्यायालयला मात्र हाताशी वेळ ठेवा. आनंदनगरहून, म्हणजे वनाजच्या बाजूने येणारी गाडी पुलावर थांबते, स्वारगेटची गाडी जमिनीखाली सुमारे 33 मीटरवर. लिफ्ट बदलत उतरावं लागतं आणि प्रत्येक लिफ्टपाशी सरकत्या जिन्याने सहज जाऊ शकणारी माणसं उभी असतात. तिथे संकोच करायचा नाही. “तुम्हाला जिना आहे, मला नाही” एवढं म्हटलं की बहुतेक जण बाजूला होतात. जे होत नाहीत ते मोबाईलमध्ये असतात, त्यांना पुन्हा सांगायचं, जरा मोठ्याने.

डब्यात शिरताना एक काळजी. फलाट आणि डबा यांच्यात फट असते, आणि तिरकं गेलं तर पुढची छोटी चाकं नेमकी तिच्यात वळतात. मी पाठमोरी आत जाते, म्हणजे मोठी चाकं आधी पलीकडे जातात आणि छोटी मागून ओढली जातात. आत गेल्यावर लगेच ब्रेक आणि एक हात दांड्याला. पहिल्या काही वेळा स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सोबत घ्यावं, त्यात लाज कसली?

मंडईत खरी अडचण उंचीची. आतले भाजीवाले उंच ओट्यावर बसतात, बाहेरच्या बायका जमिनीवर पोतं पसरून. म्हणजे एकीकडे माझा हात पोचत नाही आणि दुसरीकडे मी वाकले तर खुर्चीसकट मेथीच्या जुडीवर. हातगाडी मात्र अगदी बेताच्या उंचीची, म्हणून टोमॅटो, काकडी, फळं मी गाडीवरच घेते. ओट्यावरचं काही हवं असेल तर “मावशी, जरा पाटी द्या खाली” म्हणायचं. माझ्या नेहमीच्या मावशी आता न सांगता पाटी मांडीवर ठेवतात आणि वर दम देतात, “निवड गं नीट, नंतर बोलू नको.” खाली पाला आणि पाणी असतं, ते चाकांवरून थेट हाताला लागतं. हातमोजे हवेत, आणि घराच्या दाराशी चाकं पुसायला जुनं फडकं.

ओझ्याचं नीट समजावून सांगा, कारण हे दवाखान्यात कुणी सांगत नाही. खुर्चीच्या मागच्या मुठींना जड पिशवी अडकवायची नाही. सपाट रस्त्यावर काही वाटत नाही, पण चढ आला की खुर्ची मागे उलटते. जड ते खाली, सीटखालच्या जाळीत: बटाटे, कांदे, भोपळा. मांडीवर फक्त पालेभाजी आणि नाजूक फळं, पिशवीचा बंद मनगटात अडकवून. मांडीला संवेदना नसेल तर फ्रोझन मटार किंवा गार दुधाच्या पिशव्या उघड्या मांडीवर ठेवायच्या नाहीत. त्वचेला इजा होते आणि कळतही नाही. जाड टॉवेलची घडी मध्ये घालावी. पाच-सहा किलोंच्या वर मी नेत नाही.

बसचं थोडक्यात: खालच्या फरशीची बस बघून थांबायचं. तिच्या दाराशी उलगडायचा रॅम्प हवा. तो नीट टेकायला बस फुटपाथला लागून उभी राहावी लागते, म्हणून लांबूनच हात करायचा आणि कंडक्टरला आधी ओरडून सांगायचं. सामान असताना मी बस टाळते.

स्टेशनापासून घरापर्यंतचा रस्ता एकदा रिकाम्या हाताने फिरून बघू द्या. दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले असतात. त्यांच्यातून माझी 62 सेंटिमीटरची खुर्ची कुठे जाते, कुठे अडते, आणि अडली की रहदारीत उतरण्यावाचून इलाज नसतो. घर भाड्याने घेण्याआधी हे बघितलं तर फार बरं.

वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराची. रविवार नको, मार्गशीर्षातले गुरुवार नकोत, आणि गणपतीत दहा दिवस मंडईचं नाव काढायचं नाही.

बहिणीचं ऑफिस कुठल्या भागात आहे आणि खुर्ची हाताची की बॅटरीची, ते कळवा. बॅटरीची असेल तर ओझ्याचं गणित वेगळं, आणि लिफ्टमध्ये वळायलाही जास्त जागा लागते. मग त्याप्रमाणे सांगते.